नाकाची कवायत

साळवे सरांना नाकात औषध मारायचं असलं, की कुणीतरी समोर उभं राहून ‘सावधान’ म्हणायला हवं. त्याशिवाय त्यांचा हात बाटलीकडे जातच नाही. आणि हे कुणीतरी म्हणजे गेलं वर्षभर मी आहे.

सर सावेडीतल्या आमच्या इमारतीत समोरच्याच फ्लॅटमध्ये, बायको गेल्यापासून एकटे राहतात. मूळचे शेवगावकडचे. सगळी नोकरी पी.टी. शिकवण्यात गेली आणि निवृत्त झाले तरी ती अंगातून गेली नाही. भाजीच्या गाडीभोवती बायका जमल्या, की सर गॅलरीतून त्यांना रांगेत उभं करतात. लिफ्टमध्ये शिरताना ‘उंचीनुसार’ म्हणतात. रविवारी चर्चला निघाले, की जिन्यात अशी पावलं वाजतात, जणू शाळेची अख्खी तुकडीच चाललीय.

अशा कडक माणसाला देवानं नाक मात्र बेशिस्त दिलं. सकाळी डोळा उघडला की ते वाहायला लागतं. ‘लई उनाड हाय, ऐकतच न्हाई,’ असं सर त्याच्याविषयी नापास पोराविषयी बोलावं तसं बोलत. शेवटी डॉक्टरांनी तपासून फवाऱ्याची बाटली लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ मारायची. सरांनी खोक्यातला कागद न वाचताच मान मागे टाकली, डोळे सताड उघडे ठेवले आणि दणकन दाबलं. नाकात काय गेलं ते देव जाणे, डोळ्यात मात्र भरपूर गेलं.

एक डोळा झाकून ते माझ्या दारात आले. माझे यजमान जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. दार मी नाइलाजानंच उघडायची. मुलगी पुण्याहून फोन करायची, तिलाही हो-नाही एवढंच उत्तर. दिवसभर घरात माझा आवाज होत नसे आणि मला त्याचं काही वाटतही नसे.

मी सरांचा डोळा भरपूर पाण्यानं धुतला आणि डॉक्टरांना फोन लावला. दुखलं किंवा अंधुक दिसत राहिलं तर लगेच या, म्हणाले. सुदैवानं तसं काही झालं नाही. पण सरांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. “वहिनी, जन्मभर दुसऱ्याला हुकूम सोडले. सोताला सोडता येत न्हाई. उद्यापासून सकाळी सातला तुमी सोडायचा.” संध्याकाळचा हुकूम म्हणे त्यांचा नाशिकचा मुलगा फोनवरून सोडणार होता.

नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं, म्हणून मी गेले. पहिल्या दिवशी कसंबसं पुटपुटले. सर हलले नाहीत. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही, म्हणाले. मागे फक्त फ्रीज होता.

मग हळूहळू कवायत बसली. नवी बाटली असली, की चेहऱ्यापासून लांब धरून आधी हवेत सलामी, बारीक तुषार दिसेपर्यंत. नंतर सावधान. नाक हलकेच शिंकर. मान जराशी पुढे. डोळे बंद. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा. टोक बाहेरच्या अंगाला, मधल्या पडद्याकडे नाही. दाब, हळू श्वास घे. सर आज्ञेबरहुकूम सगळं करत. विश्राम म्हटलं की टोक पुसून टोपण लावत, आणि लगेच नाक शिंकरायचा मोह झाला तर माझ्याकडे चोरून बघत. एकदा नाक फारच वाहत होतं, म्हणून त्यांनी एक फवारा जास्त मागितला. डॉक्टरांनी सांगितलाय तेवढाच, असं मी इतक्या मोठ्यानं म्हणाले, की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून वर आल्या. सरांचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

पुढे मलाच सर्दी झाली. सहज म्हटलं, तुमचंच मारते थोडं. सर बाटली खिशात घालून मागे सरले. “शिट्टी आनि नाकाची बाटली. दुसऱ्याला द्यायची न्हाई.” आणि मला दवाखान्यात घेऊन निघाले. रिक्षावाल्याशी घासाघीस मात्र मलाच करायला लावली. कितीतरी दिवसांनी मी रस्त्यावर भांडत होते. डॉक्टरांनी साधी सर्दी ठरवली, वाफ घ्यायला सांगितली आणि फवारा काही दिला नाही.

परवा संध्याकाळी थालीपीठ द्यायला गेले. सरांचं दार उघडंच होतं. मोबाईल टीपॉयवर चार्जिंगला लावलेला, आणि सर आतल्या खोलीत आरशासमोर. मान जराशी पुढे, डोळे बंद, उजव्या नाकपुडीला डावा हात. हुकूम नाही, काही नाही. अगदी बिनचूक.

डोळे उघडल्यावर त्यांना मी दिसले. दचकले नाहीत. मी विचारलं, “सर, हे तुम्हाला कधीपासून येतं?”

“दुसऱ्याच दिवसापासून.”

“मग मला रोज सकाळी कशाला बोलावता?”

सर खुर्चीत बसले. “आमची एस्तर गेली तवा मी लई दिवस तोंडच उघडलं न्हाई. कुनी बोलावलं न्हाई, मीबी गेलो न्हाई. एकदा दूधवाल्याला अर्धा लिटर म्हनायला गेलो, तर आवाजच फुटंना. एवढी मैदानं गाजवलेला मानूस मी. लई भ्यालो, वहिनी. तुमच्या दाराकडं बघून त्येच आठवायचं.”

वर्षभर मी समजत होते, की मी या म्हाताऱ्याचं नाक सांभाळते आहे. हातातलं ताट खाली ठेवताना मला रडू आलं, आणि या माणसाचे आभार कसे मानायचे ते काही केल्या सुचेना. म्हणून त्यांच्या समोर बसले आणि विचारलं, “एस्तरबाई कशा होत्या, सर?”

बहुधा हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग दोनदा खाकरून त्यांनी घसा साफ केला, आणि जन्मभर दोन-दोन शब्दांत बोलत आलेला तो माणूस थालीपीठ गार होऊन गेलं तरी बोलत राहिला.