माझे ऐंशी टक्के

यंदाची बढती माझ्या खिशात होती. आधी दोनदा हुकली, कारण बढतीला ग्रंथ लागतो आणि माझा ग्रंथ गेली नऊ वर्षं दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदावर ठाण मांडून बसला होता. पण यंदा महाविद्यालयाने नवा नियम काढला की माहितीपटही ग्रंथाच्या बरोबरीने धरायचा. आणि माहितीपट माझ्याकडे होता! जुने वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरावरचा, तेवीस मिनिटांचा, चांगला गाजलेला.

गाजला तो त्यातल्या चार मिनिटांमुळे. त्या चार मिनिटांत कुणी बोलत नाही. काटेवाले काका एका तराजूची पारडी टांगतात, त्यावरची धूळ फुंकतात, थांबतात, पुन्हा फुंकतात, आणि काटा हेलकावे खात मधोमध येऊन थांबतो. एका समीक्षकाने लिहिलं की दिग्दर्शकाने इथे स्वतःला पूर्ण पुसून टाकलं आहे. ते कात्रण मी लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलं. स्वतःला पुसलेला माणूस असं करतो का, असं बायकोने विचारलं.

नियमाला मात्र एक शेपूट होतं. माहितीपट चारचौघांचा असतो, म्हणून प्रत्येकाने आपलं योगदान टक्क्यांत लिहून सही करायची. बेरीज बरोबर शंभर हवी. आणि ज्याचे पन्नास किंवा जास्त, तोच लेखक. बाकीचे नुसते सहभागी.

मी माझ्या रकान्यात ऐंशी लिहिले. नव्वदच लिहिणार होतो, पण मन मोठं केलं. उरलेले वीस कॅमेरावाला, संकलन करणारी माझी भाची, निवेदन वाचणारी बायको आणि काका यांनी गुण्यागोविंदाने वाटून घ्यावेत, असा माझा बेत होता. तो मी कुणाला सांगितला नाही. इतकी साधी गोष्ट सांगायची काय गरज?

शेवटच्या दिवशी सकाळी फॉर्म फिरून परत आला. कॅमेरावाल्याने चाळीस लिहिले होते. भाचीने पंचेचाळीस. बायकोने पंचवीस. काकांचा रकाना कोरा होता आणि त्यात बोटाचा तेलकट ठसा होता.

"एकशे नव्वद," हेडक्लार्क बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "एक माणूस अजून यायचाय, त्याआधीच. पाच वाजता खिडकी बंद होते, सर."

मला बसवेना. उभंही राहवेना. वर्गात शिकवताना मी फळ्यावर तीनदा एकशे नव्वद लिहिलं आणि मुलांनी ते सन समजून उतरवून घेतलं. शेवटी काकांची सही हवीच होती, म्हणून सगळ्यांना तीन वाजता त्यांच्या कारखान्यात बोलावलं.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एक खिडकी, एक बाक, भिंतीभर टांगलेले तराजू. कुणी जोरात बोललं की सगळी पारडी हलत. त्या दिवशी ती एकदाही थांबली नाहीत.

"चाळीस कशाचे रे?" मी कॅमेरावाल्याला विचारलं.

"त्या चार मिनिटांचे, सर. तुम्ही बाहेर गेलात आणि मी कॅमेरा चालू ठेवला."

"मी बाहेर कधी गेलो?"

"तुम्हाला फोन आला होता ना."

"माझा," बायको म्हणाली. "कपाटाची किल्ली तुम्ही खिशात घालून गेला होतात. मी फोन केला नसता तर तुम्ही तिथे बसून प्रश्नच विचारत राहिला असता. म्हणून माझे पंचवीस. निवेदनाचं मी काहीच लावलेलं नाही."

भाचीने मोबाइलवरून मान वर केली. "आणि मामा, तू ती चार मिनिटं कापायला सांगितली होतीस. कुणी बोलत नाही म्हणून. माझ्याकडे तुझा मेसेज आहे."

"ठेवली ना शेवटी?"

"मी ठेवली. फक्त एक वाक्य कापलं. काट्याला हात घालण्याआधी काका कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, 'साहेब गेले का? बरं झालं, आता काम होईल.'"

सगळी पारडी हलत होती. मी काकांकडे बघितलं. काका लाजून बाकावरची पितळेची भुकटी गोळा करू लागले.

मग मी जरा बोललो. कल्पना कुणाची? परवानग्या कुणी आणल्या? मी नसतो तर तुम्ही चौघं एकमेकांना भेटला तरी असता का? माझा आवाज फाटला हेही कबूल करतो. बढती हुकली तर वयाच्या बावन्नाव्या वर्षी पुतण्याच्या वयाच्या सहकाऱ्याला 'सर' म्हणावं लागेल, या विचाराने आवाज फाटतो. मला लेखक व्हायचं होतं, एवढंच. खरं सांगायचं तर फार व्हायचं होतं.

काकांनी खण उघडला. मोजून शंभर स्क्रू काढले आणि मोठ्या पारड्यात ओतले.

"एक स्क्रू म्हणजे एक टक्का," ते म्हणाले. "कागदावर कितीही लिहिता येतं. इथे आहेत तेवढेच आहेत. आपापले उचला."

मी हात पुढे केला आणि माझा फोन वाजला. हेडक्लार्क बाई! साडेचार वाजलेत, येताय ना? खोलीत आवाज तुटत होता, म्हणून मी बाहेर जाऊन त्यांना विनवलं, पायरीवर येरझाऱ्या घातल्या, दहा मिनिटांची सवलत मागितली. मिळाली नाही.

आत आलो तर भांडण मिटलेलं. कॅमेरावाल्यापुढे तीस स्क्रू, भाचीपुढे तीस, बायकोपुढे पंधरा, काकांपुढे पंचवीस. पारडं रिकामं. भिंतीवरचे सगळे तराजू स्थिर.

"अहो, तुम्ही नव्हता तर पटकन झालं," बायको म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग आपल्या ढिगातून पाच स्क्रू वेगळे केले आणि एका बोटाने माझ्याकडे सरकवले.

"घ्या साहेब. तुम्ही बाहेर गेलात म्हणून काम झालं. दोन्ही वेळा."

माझे ऐंशी खोडून मी पाच लिहिले. भांडायला वेळ नव्हता आणि, कसं सांगू, तोंडही नव्हतं. सह्या झाल्या. मी धावत सुटलो आणि पाचला दोन मिनिटं असताना खिडकीत फॉर्म सरकवला.

"बेरीज बरोबर," बाई म्हणाल्या. "पण सर, तुम्ही सहभागी झालात. लेखक कुणीच नाही. आणि तुमच्यापुढे योगदानाचं स्वरूप म्हणून हे काय लिहिलंय?"

काकांचं अक्षर होतं. 'वेळेवर बाहेर गेले.'

बढती पुतण्याच्या वयाच्या सहकाऱ्याला मिळाली. मी त्याला 'सर' म्हणतो. सवय होते.

गेल्या आठवड्यात आम्ही दुसरा माहितीपट सुरू केला, एका शिडी बनवणाऱ्या बाईंवर. मी खुर्ची पुढे ओढली, प्रश्नांची वही उघडली. बाईंनी काम थांबवून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"अहो, कपाटाची किल्ली तुमच्याकडे आहे का?"

मी खिसे चाचपले. किल्ली नव्हती. कॅमेरावाला खाली मान घालून उगाचच लेन्स पुसत होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातातल्या मोबाइलचा उजेड अजून विझायचा होता.

"बघतो हं," मी म्हणालो, आणि बाहेर गेलो. या वेळी मी दहा टक्के मागणार आहे.