वाफेची गळती

रविवारी सकाळी गाडीतला पिवळा दिवा पुन्हा लागला आणि माईंच्या चिरंजीवांनी चहाचा कप पायरीवर ठेवून स्टिअरिंगखाली डोकं घातलं. त्यांचा बाहेर उरलेला भाग सूनबाईंनी खिडकीतून बघितला आणि खिडकी लावून घेतली.

तो दिवा लागला की गाडीचं काहीतरी बिनसलंय एवढंच कळायचं. काय बिनसलंय ते कळावं म्हणून चिरंजीवांनी स्कॅनर मागवला होता. तळहाताएवढा डबा आणि त्याला शेपटी. शेपटी स्टिअरिंगखालच्या खाचेत खुपसली की डब्यावर अक्षरं उमटायची. चिरंजीव ती डॉक्टरासारखी वाचायचे, म्हणजे स्वतःशीच आणि चेहरा लांब करून.

"काय म्हणतोय तुझा डबा?" माईंनी पायरीवरून विचारलं.

"तेच. वाफेची गळती."

"चहाची वाफ गेली केव्हाच. तिच्यासाठी डबा नाही का मिळत?"

गाडी माईंच्या यजमानांची. यजमान गेले त्याला वर्ष झालं, गाडी मागे राहिली. माईंना ती चालवता येत नव्हती, पण दारात उभी दिसली की माणूस आत्ताच कुठून तरी आलाय असं वाटायचं. आता महिनाअखेर धुराची तपासणी होती, आणि हा दिवा लागलेली गाडी तपासणीवाले फाटकातूनच परत पाठवतात.

"नापास झाली तर भंगारात देऊन टाकू," सूनबाई म्हणाल्या होत्या. "जागा तरी मोकळी होईल. झाडं लावता येतील." सूनबाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच फक्त झाडं लावायची होती.

"माझ्यानंतर लाव," माई म्हणाल्या. "एकदम दोन जागा मोकळ्या होतील."

चिरंजीवांनी घाईघाईनं आणखी एक पोळी मागून घेतली.

चिरंजीवांना गाडी द्यायची नव्हती. तसं ते बोलून दाखवत नसत, बाबांवर गेले होते. बोलायच्या ऐवजी ते दुरुस्त करत. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "साहेब, आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा. बहुतेक वेळा तेच सैल असतं." चिरंजीवांनी झाकण टक टक वाजेपर्यंत आवळलं, डब्यावरचं बटण दाबून दिवा घालवला आणि छाती काढून ऑफिसला गेले. चार दिवसांत दिवा परत.

"झाकण मी माझ्या हातानं आवळलंय," त्यांनी गॅरेजवाल्याला ऐकवलं. म्हणजे झाकणाचा प्रश्न मिटला. शिकलेल्या माणसानं एकदा हात लावला की ती गोष्ट परत बघायची नसते.

मग नळ्यांवर साबणाचं पाणी ओतून बुडबुडे कुठे येतात ते बघायचं ठरलं. बुडबुडे सगळीकडेच आले, कारण साबण सूनबाईंचा तोंड धुवायचा, महागातला होता. नळी बदलली. दिवा गेला, दिवा आला. एक व्हॉल्व्ह बदलला. दिवा गेला, दिवा आला. शेवटी गाडीच्या पोटातून निघालेला एक काळा डबा जेवणाच्या टेबलावर येऊन बसला.

"हे काय आणि?" माईंनी विचारलं.

"कोळशाचा डबा."

"गाडी कोळशावर चालते होय? मग तुझे बाबा जन्मभर पंपावर पेट्रोल कशाला भरत बसले?"

"आई, कोळसा वाफ धरून ठेवतो."

"तर तर. आणि मी बसून अंडी उबवते."

अशा रीतीनं त्या रविवारपर्यंत गाडीत बाबांच्या वेळचं थोडंच काही उरलं होतं, आणि पिवळा दिवा मात्र बाबांच्या फोटोपुढच्यापेक्षा जास्त वेळ जळत होता.

चिरंजीव स्टिअरिंगखालून निघाले. गार चहा एका घोटात संपवला आणि पायरीवर माईंच्या शेजारी बसले. "आई, आता माझी अक्कल संपली. पुढच्या शनिवारी तपासणी आहे. नाही जमलं तर…"

"वाफ वाफ करतोस, ती वाफ म्हणजे नक्की काय रे?"

"वास, दुसरं काय. पेट्रोलचा वास येतो ना, तीच वाफ. ती टाकीतून बाहेर येता कामा नये. नळीनं कोळशात न्यायची, तिथून इंजिनात जाळायची. कुठूनही बाहेर सुटली की गाडीला कळतं आणि दिवा लागतो."

माईंनी कप उचलला. तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

"एवढ्याशा वासानं एवढ्या मोठ्या गाडीचं काय बिघडतं?"

"गाडीचं नाही, हवेचं बिघडतं. कायदा आहे तसा."

"वासावर कायदा," माई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. एरवी त्या एवढ्यावर थांबल्या नसत्या. चिरंजीवांना वाटलं, आईनं गाडीची आशा सोडली.

त्याचं असं होतं. यजमान पंपावर कामाला होते. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांच्या हाताला पेट्रोलचा वास होता. माईंनी जन्मभर त्या वासाशी भांडण केलं. त्यांचे कपडे वेगळे धुतले, चपला दाराबाहेर ठेवल्या, आणि रोज संध्याकाळी एकच वाक्य, "आधी अंघोळ, मग बोला." यजमान हसायचे. "अगं, लोक पैसे देऊन घेतात हा वास." अंघोळ करून आले तरी मानेपाशी थोडा उरायचाच.

ते गेल्यावर सूनबाईंनी सगळं स्वच्छ केलं. कपडे दिले, गादी उन्हात टाकली, खोली धुतली. घरात माणसाचा वास म्हणून औषधालाही राहिला नाही.

मग दुपारी घर रिकामं झालं की माई गाडीपाशी जायच्या. सीटजवळचा खटका ओढला की टाकीवरची झडप उघडते, हे यजमानांनीच कधीतरी दाखवलं होतं. झाकण फिरवायचं, वाकायचं, आणि डोळे मिटायचे. तेवढंच. झाकण परत लावायच्याच. पण उजवं मनगट गेले काही महिने धरलं होतं, बाम चोळून चोळून हात कामात ठेवला होता. टक वाजेपर्यंत आवळायचा जोर त्यात नव्हता. लागलं तेवढं पुरे, असं त्यांना वाटायचं.

त्या रविवारी दुपारी माई गाडीपाशी गेल्या नाहीत. सोमवारी गेल्या, पण आत जाऊन नुसत्या बसल्या. आत चिरंजीवांच्या अत्तराचा वास होता. मंगळवारी तेही केलं नाही. गाडी ठेवायची तर वास सोडायचा, आणि वास घ्यायचा तर गाडी जाणार. असला सौदा एखादी सावत्र सासूसुद्धा पुढे करणार नाही. सांगायचं तरी कुणाला? म्हातारी टाकीत नाक घालते, हे गॅरेजपर्यंत जायला किती वेळ लागला असता.

बुधवारी चिरंजीवांनी, दुसरं काही सुचेना म्हणून, झाकण काढून हातात घेतलं. आतली रबराची चकती उघडझाप करून झिजली होती. पेट्रोल तर महिन्यातून एकदा भरायचे, मग एवढी झिजली कशी? त्यांनी झाकण नाकाशी नेलं. पेट्रोलच्या वासाच्या वर बामचा वास होता. घरात बाम एकच माणूस लावायचा.

चिरंजीव झाकण हातात धरून गाडीला टेकून उभे राहिले. स्कॅनर सीटवर पडला होता. त्याच्यावर नवीन काही उमटलं नव्हतं.

ते सरळ दुकानात गेले आणि नवीन झाकण घेऊन आले.

"झाकणच होतं," त्यांनी सूनबाईंना सांगितलं.

"गॅरेजवाला पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता ना?"

"सांगत होता."

"मग माझ्या टेबलावर कोळसा कशाला आला?"

चिरंजीव नवीन झाकण आवळायला बाहेर गेले.

शनिवारी गाडी पास झाली. माई पायरीवरच होत्या.

"पास," चिरंजीव म्हणाले.

"होणारच. गाडी कुणाची आहे." एवढं बोलून त्या खोलीत गेल्या. गाडी राहिली होती, आणि त्यांना रडायला आलं होतं. खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर जुनं झाकण ठेवलेलं होतं.

"हे इथं कुणी टाकलं?" आतून आवाज आला.

"टाकायचं राहिलं," बाहेरून उत्तर आलं. "असू दे तुझ्याकडे."

माईंनी दार लावून घेतलं. चहाला हाक मारली तरी उघडलं नाही.

आठवड्याभरात झाकणावरचा पेट्रोलचा वास उडाला, नुसता बामचा उरला. माई कुणाकडे काही मागणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी ते उचलून पायरीवर जुन्या नळ्यांच्या ढिगात ठेवून दिलं. रविवारी चिरंजीव गाडी पुसायला गेले आणि बराच वेळ पुसत राहिले. दुपारी झाकण परत कट्ट्यावर होतं, ओलसर, पेट्रोलनं घमघमणारं. पुढच्या रविवारीही तसंच.

एकदा सूनबाई नाक वर करून बैठकीत आल्या. "अहो, आईंच्या खोलीतून पेट्रोलचा वास येतोय. नक्की कुठंतरी गळतंय. तुमचा तो डबा लावून बघा ना."

चिरंजीव काही बोलायच्या आत आतून माईंचा आवाज आला.

"बघायचं काही नाही. लोक पैसे देऊन घेतात हा वास."

चिरंजीवांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं, तोंड झाकेल इतकं.