सात ऴ आणि केळ्याची साल

"अय्या, रागावू नका," मुख्याध्यापिका जयमेरी फोनवर म्हणाल्या, "पण तुमच्या व्हिडिओवरून मुलं 'ळ' शिकतायत."

नेडुंचेऴियन अय्यांच्या हातातला कॉफीचा पेला हवेतच थांबला. मुले शिव्या शिकतायत असे कुणी सांगितले असते, तरी ते एवढे हादरले नसते.

का, ते आधी समजून घ्यायला हवे. तमिळमध्ये एक अक्षर आहे, जे आपल्याकडे नाही. ळ म्हणताना जीभ वर टेकते. या अक्षराला ती टेकू द्यायची नाही. आणखी मागे वळवायची आणि अधांतरी ठेवायची. इथे ते ळच्या खाली टिंब देऊन लिहिले आहे : ऴ. करून पाहा. नाही जमले तर वाईट वाटून घेऊ नका, तमिळनाडूतल्या दिंडुक्कलमध्ये जन्मलेल्या निम्म्या लोकांनाही जमत नाही. केळ्याला म्हणायचे वाऴैप्पऴम, आणि सगळा बाजार म्हणतो वाळप्पळम.

त्या बाजाराशी अय्यांचे पस्तीस वर्षे युद्ध चालू होते. त्यांच्या स्वतःच्या नावात ते अक्षर होते. बायकोचे नाव पूंकुऴली. लग्न ठरताना त्यांनी पत्रिका नंतर पाहिली; आधी तिच्याकडून तिचे नाव तीनदा म्हणवून घेतले. तमिळचे शिक्षक, म्हणजे सगळ्या शाळेचे 'अय्या', म्हणून निवृत्त झाल्यावरही ते घरी धडे चित्रित करून शाळेला पाठवत असत.

"सोमवारी अवघड वाक्याची स्पर्धा आहे," जयमेरी म्हणाल्या. "तेच आपलं, म्हाताऱ्याचं. तुमचा फोन लांब असतो, पंखा घरघरतो, काही कळत नाही. यंदा मी ॲपमधला तयार धडा लावते. त्यातल्या बाईंचा आवाज अगदी स्वच्छ आहे."

"आणि त्या स्वच्छ बाई काय म्हणतात?"

जयमेरींनी आवाज खाली आणला. "ळ."

"म्हणजे चारशे मुलांना स्वच्छ चूक शिकवणार!" अय्या उभे राहिले. "शुक्रवारच्या प्रार्थनेआधी माझा व्हिडिओ येईल. तोवर त्या बाईंना डब्यात बंद ठेवा."

दुसऱ्या दिवशी अय्या आणि पूंकुऴली अम्मा कुलपांच्या बाजारामागच्या दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर चार-पाच प्रकारचे बिनतारी माइक मांडले. प्रत्येक शेंगेएवढा. कपड्याला लावायचा, दुसरा तुकडा फोनच्या बुडाशी खुपसायचा, झाले.

"हा घ्या, अय्या. बाजूचं बटण दाबलं की आजूबाजूचा सगळा गोंगाट गायब."

अय्यांनी माइक तोंडाशी धरला आणि छाती भरून म्हटले, "वाऴैप्पऴम!"

दुकानदाराने ऐकवले. फोन म्हणाला, "वा... प्प... म."

"अक्षर कुठं गेलं?"

"ते... बटणाला गोंगाट वाटला असेल."

अय्या लालबुंद झाले. "दोन हजार वर्षांचं अक्षर! त्याला हे शेंगदाण्याएवढं यंत्र गोंगाट म्हणतं?"

"अहो, त्याला काय कळतंय," अम्मा म्हणाल्या.

"म्हणूनच सांगतो. गोंगाट राहू दे, अक्षर राहिलं पाहिजे. बटण बंद करून दाखव."

दुकानातला प्रत्येक माइक केळ्याचे नाव घेऊन तपासला गेला. बाहेर दोन माणसे थांबली; त्यांना वाटले, आत केळी विकायला आहेत. शेवटी एक जोडी पसंत पडली : बटण बंद ठेवता येणारी, ऴ चा ऴ ऐकवणारी. चिमटा नव्हता, लोहचुंबक होते. माइक कपड्याच्या वर, चुंबकाची टिकली कपड्याच्या आत.

"यात दोन का?" अम्मांनी विचारले.

"दोघं गप्पा मारत असतील तर दोघांना."

"यांच्याशी गप्पा कोण मारणार? हे चुका काढतात. एकच वापरू."

गुरुवारी सकाळी नऊला अय्या ओट्यावर बसले. पांढरी वेष्टी, खांद्यावर घडीचा पंचा, पंच्यावर माइक. घरातला पंखा बंद. अम्मांनी फोन रचलेल्या पुस्तकांवर टेकवला. अय्यांनी बोट उचलले, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून आरोळी आली, "वाळप्पळम! सिरुमलैचं वाळप्पळम!"

कडुनिंबाखाली केळीवाल्या पेच्चियम्माळची गाडी लागली होती. गोंगाटाचे बटण बंद असल्यामुळे आता गोंगाट स्वतः जाऊन बंद करावा लागणार होता. अय्या तावातावाने निघाले.

"पेच्ची, दहा मिनिटं गप्प बस. मुलांचा धडा आहे."

"गप्प बसून केळी विकली जातात का, अय्या? केळ्यांना तोंड असतं तर मी घरी लोळत पडले असते."

"मग निदान बरोबर तरी ओरड. पाचवीत माझ्या वर्गात बसायचीस ना?"

"बसायची कुठली? या अक्षरापायी वर्षभर बाकावर उभीच होते!"

"म्हण. वाऴैप्पऴम."

पेच्चियम्माळने पदर खोचला, त्यांच्या कानाशी तोंड नेले आणि गल्ली दणाणेल अशी ओरडली, "वाळप्पळम!"

अय्या रागाने तिच्या तराजूवर वाकले आणि पारड्याशेजारी हात आपटला. 'टक्' असा बारीक आवाज झाला. वजन हलले असेल, असे त्यांना वाटले. वजन हलले नव्हते. माइकला पातळ पंच्यापलीकडच्या टिकलीपेक्षा दोन किलोचे लोखंडी वजन जास्त आवडले होते.

घरी येऊन त्यांनी खांदा चाचपला. पंच्याखाली टिकलीची गाठ बोटाला लागली. सगळे जागेवर आहे असे समजून त्यांनी धडा दिला, आणि काय दिला! बोट उचलले, जीभ मागे वळवून दाखवली, डोळे मोठे केले. मग ते वाक्य : गरीब म्हातारा केळ्याच्या सालीवरून घसरून खाली पडला. तमिळमध्ये म्हटले तर त्यात सात वेळा ऴ येतो, म्हणून मुलांची जीभ सोलून काढायला तेच वापरतात.

"एकदा ऐकून तर घ्या," अम्मा म्हणाल्या.

"पस्तीस वर्षं चारशे मुलांनी ऐकलंय. पाठव."

अर्ध्या तासात फोन आला.

"अय्या," जयमेरींचा आवाज विचित्र येत होता, हसू दाबल्यासारखा, "पाचवीला दाखवला व्हिडिओ. तुम्ही स्वतः पाहिलात का?"

अय्यांनी पाहिला. पडद्यावर ते स्वतः गंभीर चेहऱ्याने बोट उचलत होते आणि त्यांच्या तोंडून बाईचा आवाज येत होता, "वाळप्पळम!" त्यांनी जीभ मागे वळवून दाखवली. आवाज म्हणाला, "दाबून बघू नकोस गं, तुझ्या नवऱ्यापेक्षा मऊ आहे." त्यांनी डोळे मोठे केले. आवाज म्हणाला, "आत्ताच आला होता म्हातारा, सकाळी सकाळी डोकं खायला." शेवटी अय्यांनी हात जोडले आणि आवाज म्हणाला, "घ्यायचं तर घे, नाहीतर चालायला लाग."

"मुलांनी सगळा पाठ केलाय," जयमेरी म्हणाल्या. "उद्या मी त्या ॲपच्या बाईंना—"

"लावून तर बघा! मी शाळेच्या फाटकात स्टूल टाकून उभा राहीन आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाकडून ऴ म्हणवून घेईन. घंटा झाली तरी सोडणार नाही."

अय्या बोलले तसे करणारे होते, हे जयमेरींना माहीत होते. अय्यांना नवा व्हिडिओ पाठवायला त्या दुपारपर्यंतची मुदत मिळाली.

बाहेर पाहतात तो कडुनिंबाखाली गाडी नाही. पण अम्मांचे डोके शांत होते. "हा फोनला लावलेला तुकडा बघा. माइक जवळ असला की हिरवा दिवा स्थिर राहतो, लांब गेला की लुकलुकतो. आणि व्हिडिओ चालू ठेवला की आवाजाच्या पट्ट्या नाचतात. चालत जा, दिव्याकडे बघत."

मग दिंडुक्कलच्या त्या गल्लीने वेगळाच देखावा पाहिला. एकाहत्तर वर्षांचे तमिळ अय्या चालू फोन आरतीच्या तबकासारखा समोर धरून निघाले होते. दिवा लुकलुकला की मागे वळायचे, स्थिर झाला की पुढे. दुधाच्या दुकानापाशी लुकलुक. शिंप्याच्या दारात स्थिर. चर्चच्या भिंतीला वळसा घातला आणि पट्ट्या थयथय नाचू लागल्या. समोर गाडी, गाडीवर तराजू, तराजूत दोन किलोचे वजन, आणि वजनाला चिकटलेला काळा शेंगदाणा.

"सापडलास!" म्हणून अय्या धावले. त्यांची नजर वजनावर होती. साल रस्त्यावर होती.

धप्प!

"आई गं! विळुंदुट्टेन!" अय्या ओरडले. म्हणजे, मी पडलो.

"अय्यो! अय्या विऴुंदुट्टारे!" पेच्चियम्माळ ओरडली. म्हणजे, अय्या पडले.

अय्या आकाशाकडे पाहत पडले होते. कंबर कळवळत होती. पण कान शाबूत होते.

"पेच्ची, काय म्हणालीस?"

"पडलात, म्हणाले. उठा आधी."

"तसं नव्हे. परत म्हण."

पेच्चियम्माळने कमरेवर हात ठेवले. माणसाला काही मोडलेले नाही, हे तिने एका नजरेत ओळखले, आणि मग तिला राहवेना. "पाचवीत पाठ करून घेतलंत, आज करूनही दाखवलंत! एऴैक् किऴवन् वाऴैप्पऴत् तोल् वऴुक्किक् कीऴे विऴुंदान्!"

सात ऴ. सातही गोल, अधांतरी, स्वच्छ.

"तुला येतं?" अय्या उठून बसले. "कधीपासून?"

"त्याच वर्षी आलं. म्हशीपुढे बसून महिनाभर म्हणत होते. आलं त्याच आठवड्यात बापानं शाळा सोडवली. सांगायला यायचं राहूनच गेलं."

"मग रोज माझ्या दारात ळ का ओरडतेस?"

"वाऴैप्पऴम ओरडले, तर गिऱ्हाईक म्हणतं ही शिकलेली बाई, भाव चढा असणार. वाळप्पळम म्हटलं की जवळ येतं." तिने वजनावरचा माइक उपटून त्यांच्या हातात दिला. "आणि खरं सांगू? तुमचं तोंड बघायला मजा यायची."

घरी अम्मांनी पाठीला तेल चोळले आणि व्हिडिओ लावला. चित्रात दिसला रस्ता, मग एकदम आकाश आणि चर्चचा कळस. आवाज मात्र लख्ख होता. धप्प. मग एका पुरुषाचा, "विळुंदुट्टेन!"

अम्मांचा हात थांबला. "अहो, हे तर तुमच्या आईचं तमिळ. त्याही ळच म्हणायच्या."

अय्यांनी तो भाग तीनदा लावून घेतला. तिन्ही वेळा ळ निघाला.

"एवढं कापून टाकू," अम्मा हळूच म्हणाल्या. "पेच्चीचं वाक्य तेवढं ठेवू. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल." अय्यांनी फोन ओढून घेतला. "पस्तीस वर्षं मी कुणाची चूक झाकली नाही. स्वतःची झाकू? एक अक्षर कापायचं नाही."

व्हिडिओ जसाच्या तसा गेला. पाच मिनिटांत फोन.

"अय्या, चुकून तर नाही ना पाठवलात हा?"

"नाही. पहिला आवाज माझा, दुसरा पेच्चियम्माळचा. मुलांना सांगा, दुसऱ्या आवाजासारखं म्हणायचं."

सोमवारी अय्या पाठीला पट्टा बांधून परीक्षक म्हणून स्पर्धेला गेले. शेजारच्या खुर्चीवर दुसरी परीक्षक पेच्चियम्माळ, तिची गाडी फाटकात. अय्यांच्या पंच्यावर एक माइक होता, दुसरा तिच्या पदरावर. दोघांची मते अम्मा टिपून घेणार होत्या.

पहिली मुलगी आली. सातही ऴ अचूक. अय्यांचे डोळे भरून आले. मुलीने नमस्कार केला, "धप्प!" असे स्वतःच म्हटले आणि स्टेजवर सपशेल आडवी झाली. दुसरा मुलगा आला. सात अचूक, धप्प, आडवा. तिसरी आली, चौथा आला. धड्यात जे जे होते ते ते मुलांनी मन लावून शिकले होते. दहाव्या मुलानंतर शिपायाने स्टेजवर सतरंजी टाकली.

जयमेरी वाकून अय्यांच्या कानाशी आल्या. "अय्या, अहो, पडल्याशिवाय येत नाही का हे अक्षर?"

अय्यांनी पंच्यावरचा माइक सरळ केला, म्हणजे उत्तर नीट टिपले जावे.

"मला एकाहत्तर वर्षं लागली, बाई. यांना पडू द्या लवकर."