९.८ गुणांचे पाणी

माणसाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत. त्या दिसाव्यात एवढ्याचसाठी निसर्गाने इतर माणसे निर्माण केली असावीत. या तत्त्वावर आधारलेली 'सहाध्यायी मूल्यमापन प्रणाली' जालना जिल्ह्यातील एका विज्ञान महाविद्यालयाने (नाव देण्याचे कारण नाही, कमानीवर ते चार वेळा आहे) गेल्या वर्षी स्वीकारली. तीत विद्यार्थी एकमेकांचे प्रकल्प मोबाइलवर वाचतात, गुण देतात आणि अभिप्राय लिहितात. शिक्षकाला काहीही वाचावे लागत नाही. प्रणालीचा हा एकच फायदा आजवर प्रयोगाने सिद्ध झाला आहे.

प्रणाली निनावी आहे. कोणी कोणाला किती गुण दिले हे कोणालाच कळत नाही, आणि चहाच्या टपरीवर ते सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे गुणांना लवकरच लग्नातल्या आहेराचे शास्त्र लागू झाले: जेवढे आले तेवढे परत करावेत, कमी करणे म्हणजे संबंध तोडणे. पहिल्याच सत्राची सरासरी ९.८ निघाली. गुणवत्तेतील या झेपेबद्दल विभागप्रमुख राजानंद सरांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार झाला. अभिप्रायांपैकी एक्क्याण्णव टक्के 'मांडणी सुंदर, पुढील वाटचालीस शुभेच्छा' असे शब्दशः एकसारखे होते. (निरीक्षणांची पुनरावृत्ती हे विज्ञानात शुभलक्षण मानतात.)

या सुरळीत कारभारात प्रांजली नावाच्या विद्यार्थिनीने अडथळा आणला. शहागडच्या रस्त्यावरील एका गावच्या हातपंपाच्या पाण्यात नायट्रेट किती, हा तिचा प्रकल्प. अहवाल दाखल केल्यावर तिच्या लक्षात आले, की नमुना दहापट पातळ करून तपासला होता आणि आलेला आकडा दहाने गुणायचा राहिला. अहवाल ग्रामपंचायतीकडे जाणार होता. पंपाचे पाणी प्यावे की नाही, ते त्यावरून ठरणार होते. दाखल अहवाल मात्र विद्यार्थ्याला बदलता येत नाही. सहाध्याय्यांनी चूक दाखवली, तरच तो पुन्हा उघडतो. तिला ९.८ गुण आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा मिळाल्या.

तिने वर्गमित्र करणला गाठले.

"माझा रिपोर्ट वाचलाच न्हाई ना तू?"

"वाचायचं काय त्यात? दहा देल्ते की तुला. तू मला सहा काहून देले, ते सांग आधी."

"तुझ्या लोलकाची लांबी शून्य लिहिलीय तू. बिनदोरीचा लोलक!"

"मंग बाकीच्यांना दिसलं न्हाई का? बराबर तुलाच दिसतं सगळं!"

करणचा हा युक्तिवाद प्रणालीतही अंतर्भूत आहे. सरासरीपासून दूर जाणाऱ्याची विश्वासार्हता ती आपोआप कमी करते. प्रांजलीची एकतीस टक्क्यांवर आली, आणि चाळीसच्या खालील व्यक्तीची तक्रार प्रणाली स्वीकारत नाही (स्वतःविरुद्धचीही). राजानंद सर हळहळले. "बेटा, मी मध्ये पडलो तर निःपक्षपातीपणा कुठं राहिला?" नमुना पुन्हा तपासून नवाच अहवाल द्यावा, तर प्रयोगशाळेचे तास मूल्यमापनाला दिलेले होते.

यथावकाश ग्रामपंचायतीने पंपावर पाटी लावली: 'पाण्याचा दर्जा ९.८ / १०.' प्रांजली एसटीने गावात पोहोचली तेव्हा सरपंच गोपिकाबाई स्वतः पंपावर होत्या.

"मावशी, हे पाणी पिऊ नका. माझा हिशोब चुकलाय."

"तुझाच रिपोर्ट, अन् तूच खोटा म्हणून राह्यली? दाव बरं तुझा मोबाइल."

गोपिकाबाईंनी पडदा डोळ्यांजवळ धरला.

"एकतीस? पोरी, पास व्हायला बी पस्तीस लागतेत."

आणि त्यांनी कळशी पंपाखाली सरकवली.

वाचकांचे मत एव्हाना प्रांजलीच्या बाजूने झाले असेल. नायट्रेटची सुरक्षित मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम आहे. तिच्या अहवालातला आकडा चार असेल, तर दहाने गुणूनही पाणी निर्धोक ठरते; पाच असेल, तर नाही. तो आकडा वर कुठेही दिलेला नाही. आपण इथवर वाचत आलात, तो एकदाही विचारला नाहीत, आणि तिला मनोमन दहापैकी दहा देऊन मोकळे झालात.