बाबाराव मास्तरांचं मीटर

बाबाराव मास्तरांनी उभ्या हयातीत कोणालाच शंभरपैकी शंभर दिले न्हाईत. माझा गणिताचा पेपर बिलकुल बरोबर आल्ता, तरी नव्याण्णव. विचारायला गेलो तर म्हणाले, "एक मार्क कशाचा कापला, ते तू शोध." पन्नाशी आली, अजून शोधून राह्यलोय.

आता मंठ्यात माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. मास्तर रिटायर झाले. ते अन् त्यांची थोरली बहीण अक्का, दोघंच मागच्या गल्लीत राहतात. मास्तरांनी लग्न केलं न्हाई. अक्कांच्या फुप्फुसांनी दगा दिला तेव्हापासून त्यांच्या नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी असते. लाइट गेली की मशीन बॅटरीवर चालतं. बॅटरी संपली तर अक्कांचा श्वास अडकलाच. म्हणून मी त्यांची जुनी ॲसिडची बॅटरी काढून लिथियमची बसवली. छतावर सोलर पॅनल होतंच. भिंतीवर मीटर लावलं, बॅटरी किती टक्के शिल्लक आहे ते दाखवणारं.

आठ दिवसांत मास्तर दुकानात हजर. हातात दोनशे पानी वही.

"गणेश, तुझं मीटर कॉपी करून राह्यलंय."

"काय?"

"ऊन असलं की बासष्ट, पासष्ट, सत्तर, असं इमानदारीत चढतं. मंग पॅनलवर ढग येतो अन् एकदम शंभर! ढगानं बॅटरी भरती का रे?"

"मास्तर, मशीन आहे ते, खोटं कशाला बोलेल?" मी हसलो. गिऱ्हाइकंही हसली. मला वाटलं, या माणसाला कोणाचे शंभर बघवतच न्हाईत!

मास्तर घरी गेले. अक्कांचं मशीन लाइटवर ठेवलं, पॅनलची वायर काढली अन् बॅटरीवर तेवढाच भार पडावा म्हणून शंभर-शंभर वॅटचे तीन बल्ब लावले. भर दुपारी! चष्मा पुसून समोर बसले, दर दहा मिनिटांनी वहीत नोंद. अक्का आतून म्हणाल्या, "बाबू, लग्न ठरलं का रे तुझं? मांडव घातलास तो!" मीटर अडतीस टक्के दाखवत असताना बॅटरी संपली अन् तिन्ही बल्ब फटकन विझले.

ती वही त्यांनी दुकानात आणून माझ्यासमोर उघडली. या आकड्यावर भरवसा ठेवून मास्तर निवांत बसले असते तर? पुढचं मनातही आणवेना.

पळत गेलो, मोबाइलवर मीटरची सेटिंग उघडली. चूक माझीच. बॅटरी नवी बसवली, अन् सेटिंग जुन्या ॲसिडवालीचीच राहून गेल्ती. लिथियम अर्धीमुर्धी भरली तरी तिचा व्होल्टेज चढलेला असतो. त्यात ढगानं बॅटरीत जाणारा करंट घटला की मीटर समजतं, पोट भरलं हिचं. कोणत्या व्होल्टेजला बॅटरी भरली समजायची, तो आकडा मी सेटिंगमध्ये वर नेला. करंट अगदी थोडा उरला अन् काही मिनिटं तसाच राहिला, तरच शंभर, असं ठरवून दिलं. बॅटरी पूर्ण भरू दिली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पुन्हा बल्ब लावले. पाच तास चालले, अन् बराबर शून्याला गेले.

"आता धोक्याची घंटी किती टक्क्यांना वाजवू?" मी विचारलं. "लोक वीस ठेवतात."

"साठ."

"मास्तर, साठ म्हणजे तीन तास शिल्लक! इतक्या जल्दी कशाला?"

मास्तरांनी वही उघडली. "जालन्याहून ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन गाडी यायला दीड तास. फोन लागून ती निघायला एक तास."

"अडीच झाले की."

मास्तरांनी आतल्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं.

"अर्धा तास मला लागतो रे. तिच्यासमोर रडता येत न्हाई. मागं मोरीत जाऊन, रडून, तोंड धुऊन यावं लागतं."

मी साठ टाकले.