मौद्याच्या रस्त्याचे टायर

प्रेमिलाला मौद्याच्या शाळेत विज्ञान शिक्षिकेची नेमणूक मिळाली, तेव्हा सासरे दादाजी यांनी एकच अट घातली : सुनेने एकटीने गावाबाहेर जायचे नाही, नवऱ्याने मोटरसायकलवर न्यायचे-आणायचे. महिन्याने येणाऱ्या सोमवारी अकराच्या आत रुजू व्हायचे होते. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती. नवरा बाबाराव त्याच दिवसापासून टायरच्या विचारात पडले.

बाबाराव पाटबंधारे खात्यात नकाशे गुंडाळून ठेवण्याचे काम करीत. घर ते कचेरी दोन किलोमीटर. त्यापलीकडे त्यांची मोटरसायकल गेल्याचे कोणाला आठवत नव्हते. परंतु जाड गाठी असलेल्या टायरवर दऱ्याखोऱ्यांतून मोटरसायकली उडवणाऱ्या गोऱ्यांची चित्रे असलेले एक जुने मासिक त्यांच्या हाती लागले होते.

"साधे टायर मौद्याले नाही चालत," ते म्हणाले.

"काहून? रस्ता तर पार भंडाऱ्यापर्यंत डांबरी आहे."

"मधात कन्हान नदी लागते वं!"

"तिच्यावर पूल आहे."

"आन पूल वाहून गेला तं?"

"तर मग टायर काय करतील?"

बाबारावांना तिची कीव आली. प्रेमिलाने कागदावर आकृती काढून दाखवले, की डांबरावर अशा टायरच्या गाठींची फक्त टोके टेकतात, म्हणजे पकड कमीच होते. बाबारावांनी आकृती नीट पाहिली आणि गाठी फार लहान काढल्याची तक्रार केली.

तीन आठवडे निवड चालली. शेवटी कामठीच्या भंगार बाजारात लष्करातून निघालेले, इंचभर उंच गाठींचे दोन टायर त्यांना सापडले. मिस्त्री नत्थूजींनी ते उलटेपालटे करून पाहिले.

"भाऊ, हे तुमच्या गाडीचे नोहोत. मडगार्डले घासतीन."

"मडगार्ड काढून टाक."

"चिखल उडन ना मंग."

"उडूच दे. त्याच्यासाठीच तं घेतले!"

सोमवारी सकाळी आठला नत्थूजींनी टायर चढवलेली मोटरसायकल अंगणात आणून उभी केली. नव्या टायरखाली लिंबू चिरडल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही, हा दादाजींचा नियम. त्यांनी परसातल्या झाडाचे सुपारीपेक्षा जरा मोठे लिंबू चाकापुढे ठेवले. बाबारावांनी गाडी पुढे घेतली. लिंबू दोन गाठींमधल्या फटीत बसले आणि चाकाबरोबर गोल फिरून पलीकडे अखंड बाहेर पडले.

"फुटलं नाही," दादाजी गंभीरपणे म्हणाले. "गाडी नाही निघत."

दुसरे लिंबू ठेवले. तेही फटीत गेले. तिसऱ्या वेळी नत्थूजींनी चाकाला हात लावून नेम धरला. लिंबू फटीत गेले आणि तिथेच राहिले.

"मामाजी, साडेआठ झाले," प्रेमिला म्हणाली.

"लिंबू फुटू दे, पोरी. अपशकुनानं नोकरी सुरू करतं का?"

"गाठी लहान असत्या तर फुटलं असतं," नत्थूजी पुटपुटले.

"तू चूप रहाय गा!" बाबाराव ओरडले. मग शेजारून नारळाएवढे ईडलिंबू आणले गेले. ते कुठल्याही फटीत मावणार नव्हते, हे सर्वांनी मान्य केले. तीन वेळा हसे झालेल्या बाबारावांनी दात-ओठ खाऊन गाडी सोडली. ईडलिंबू फुटले. त्याचा रस शहाबादी फरशीवर पसरला, मागचे चाक त्यात गरकन फिरले आणि मोटरसायकल बाबारावांच्या उजव्या पायावर आडवी झाली.

"शकुन झाला," दादाजी म्हणाले.

"अरे, पाय मोडला माहा!"

प्रेमिलाने घोटा चाचपून पाहिला, दोन पट्ट्या लावून तो बांधला आणि नत्थूजींना रिक्षा आणायला सांगितले. बाबारावांना धंतोलीच्या दवाखान्यात पोचवायचे काम त्यांच्यावर सोपवून तिने पिशवी खांद्याला लावली.

"तू कुठं चालली वं?" दादाजींनी विचारले. "एकटी? कोणाच्या भरवशावर?"

"एसटीच्या, मामाजी."

पायाचे विव्हळणे आणि रिक्षावाल्याशी भाव यांच्या गडबडीत तिला अडवायचे राहून गेले. ती पावणेअकराला रुजू झाली.

संध्याकाळी ती परतली, तेव्हा पाय प्लास्टरमध्ये घालून बाबाराव शेजाऱ्यांना समजावत होते, की टायर उत्तमच आहेत. दोष फरशीचा आहे, फरशी डोंगराळ नाही. सून चाळीस किलोमीटर जाऊन धड परत आली होती आणि मुलगा अंगणही ओलांडू शकला नव्हता, हे दादाजींनी मात्र दिवसभर मनाशी घोळवले होते.

"सूनबाई, दर तिसऱ्या दिवशी ह्याले दवाखान्यात बोलावलं हाय," ते म्हणाले. "नेऊन-आणून सोडायचं काम तुह्यावर. ह्याले एकट्याले नाही पाठवत मी."

"बाबा, मी काय लहान हावो?"

"तू बोलूच नको गा."

"सहाला घरी येते मी. साडेसहाला नेईन," प्रेमिला म्हणाली. "पण दिवसभर त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

दादाजी उठले. त्यांनी आपली आरामखुर्ची उचलली आणि दारात आडवी टाकली.