कॉम्प्युटरला जय भीम करणाऱ्या मेश्रामताई

मेश्रामताई कुठल्याही कॉम्प्युटरला हात लावण्याआधी त्याला जय भीम करतात. थट्टेनं नाही. माऊस हातात घेऊन, हस्तांदोलन केल्यासारखा हलवून, "जय भीम, बाप्पा! काय दुखून राहिलं?" असं विचारतात आणि उत्तर येईल इतका वेळ थांबतात. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात त्या कॉम्प्युटर विभागात होत्या, मी तिथल्याच किचनमध्ये भांडी घासायला. तिथले गोरे डॉक्टरही म्हणे त्यांना फोन करण्याआधी एकदा मशीनला 'जाय बीम' म्हणून बघायचे. कधीकधी चालूही व्हायचं!

त्या नागपूरच्या. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जिन्यात भेटल्या की 'कसा आहेस' वगैरे नाही, एकच प्रश्न: "काय शिकला आज?" मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. त्यांच्या सपाता वाजल्या की मी दार लावून घ्यायचो.

तरी त्यांनीच मागे लागून मला इलेक्ट्रिशियनच्या संध्याकाळच्या कोर्सला अर्ज करायला लावला. आणि कॉलेजनं मला घेतलं! मला! आता फक्त वेबसाइटवर जाऊन जागा पक्की करायची होती, शुक्रवारी पाचच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला.

शुक्रवारी दुपारी माझ्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर बसलो. बातम्या दिसत होत्या, क्रिकेटचा स्कोअर दिसत होता, कॉलेजचं पहिलं पानही दिसत होतं. पण 'कन्फर्म' दाबलं आणि पुढचं कुलूपवालं, म्हणजे सुरक्षित, पान यायची वेळ आली, की कनेक्शन तुटायचं. 'पेज कॅनॉट बी डिस्प्लेड.' मी त्याला सॉरी म्हटलं. इकडे राहून तशी सवयच लागते. मग मोडेम खिडकीत ठेवला, उलटा ठेवला, पुसून ठेवला. कॉलेजला फोन केला, तर बाई गोड आवाजात म्हणाली, "ऑनलाइनच करा हं, प्लीज."

साडेचारला मी धावत जिना चढलो. "ताई, नेट मेलं!"

ताई कणकेच्या हातानंच खाली आल्या. "नेट मेलं तर स्कोअर कसा दिसून राहिला? हट, सरक. जय भीम, बाप्पा!"

"ताई, पाच वाजतील हो!"

"वाजू दे. आधी ओळखपाळख."

त्यांनी मशीनची तारीख बघितली, घड्याळ बघितलं. बरोबर होतं. मग म्हणाल्या, "कुलूपवाल्या पानाआधी दोन मशीन भेटतात. गुप्त भाषा कोणती बोलायची ते ठरवतात, मग हात मिळवतात. तुझं येडं जुन्याच भाषेत बोलून राहिलं. ती चोरांनाही समजते आता, म्हणून कॉलेजनं बंद केली. मग ते तोंडावर दार लावणार नाही तर काय? तू लावत नाही का माझ्या?"

म्हणजे त्यांना माहीत होतं!

सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी चौकोनांची रांग होती. जुन्या 'एसएसएल'पुढे टिक, नव्या 'टीएलएस'पुढे काहीच नाही. ताईंनी एक टिक काढली, एक लावली. माऊसला कणीक लागली. मी 'कन्फर्म' दाबलं. पान पांढरं... पांढरंच... आणि खालच्या कोपऱ्यात छोटंसं पिवळं कुलूप!

"आलं! ताई, कुलूप आलं!" मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. पाचच्या आत जागा पक्की झाली.

रविवारी मी झुणका-भाकर घेऊन ताईंकडे गेलो. टेबलावर दोन कॉम्प्युटर. एक नवा, एक पिवळा पडलेला. मी आता जाणकार! जुन्याच्या सेटिंग्जच्या तळाशी गेलो आणि बघतो तर काय, फक्त जुनी टिक!

"ताई! तुमच्याच घरी?"

"त्याच्यावर दुसरं काही करत नाही मी," त्या भाकरी मोडत म्हणाल्या. "नागपूरला आमच्या वस्तीच्या वाचनालयात एक मशीन आहे. इकडं येताना मीच बसवून दिलं. माझे बाबा रोज संध्याकाळी त्याच्यावर लिहायचे, 'आज कोण शिकलं?' मी इकडून उत्तर द्यायची."

"आता?"

"बाबा गेले. वाचनालयातल्या पोरांना म्हटलं, मशीन बंद करू नका. त्याला नवीन भाषा येत नाही, मग मीच जुनी बोलते."

"पण जळलं-बिळलं तर? सगळ्या लिखाणाची कॉपी करून ठेवा ना."

"आहे ना कॉपी." त्यांनी भाकरी खाली ठेवली. "कॉपी हात नाही मिळवत, बाबू."

त्यांनी माऊस हातात घेतला. या वेळी हळू. "जय भीम, बाबा."

बराच वेळ काहीच नाही. मग कोपऱ्यात कुलूप आलं. पानावर बाबांचा प्रश्न तसाच होता. खाली ताईंची उत्तरं, एकाखाली एक, सगळी माणसांची नावं.

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "परवा तुझं लिहिलं नाही मी. म्हटलं, तूच लिहिशील."

मी एका बोटानं माझं नाव लिहिलं. ते नागपूरला पोचेपर्यंत आम्ही दोघं हालचाल न करता बसून होतो.